पिन कोणाच्या दारात?

आपल्या इथे बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगावच्या जुन्या वाड्यांच्या आठवणी लोक फार छान लिहितात. मी आज आठवण कमी आणि तक्रार जास्त लिहिणार आहे. तक्रारीतला निम्मा भाग स्वतःच्याच घराविरुद्ध आहे, म्हणून जरा लांबेल. चहा घेऊन बसा.

आमचं घर दांडिया बझारच्या आत, एका बोळात. पणजोबांनी घेतलेलं. दोन चौक होते, एक राहिला. मी आणि बायको वरच्या मजल्यावर राहतो, खालचा भाग बंद. हिस्सेदार तिघे. मी, पुण्याचा धाकटा भाऊ, आणि वारलेल्या मोठ्या भावाचा मुलगा. हा पुतण्या बंगळूरला असतो, संगणकातला आहे. गेल्या वर्षी सगळ्यांच्या संमतीने ठरलं की आता विकायचं. माझे गुडघे जिना चढू देत नाहीत, आणि खालच्या खोल्यांत वाळवी. वाईट वाटलं, पण ठरलं.

पूर्वी घर विकायचं म्हणजे दलालाच्या कानावर घालायचं, आणि चार दिवसांत सगळ्या दांडिया बझारला कळायचं. आता इंटरनेटवर जाहिरात टाकतात. पुतण्याने बंगळूरहून सगळं केलं. फोटो, चौरस फूट, किंमत, आणि नकाशावरची पिन. माझा मोबाइल नंबर त्याने मुद्दाम दिला नाही. म्हणाला, "काका, तुम्हाला दिवसभर फोन येतील." मला बरंच वाटलं. इथल्या एका दलालाला त्या जाहिरातीचा पासवर्ड दिला, म्हणजे तो किंमत वगैरे बदलू शकेल. मला हे नंतर कळलं. बँकेत असतो तर त्याच दिवशी विचारलं असतं, की एका खात्याच्या दोन चाव्या कोणाकोणाकडे आहेत?

दीड महिना झाला. आमच्याकडे एक माणूस आला नाही. मी समजलो, मंदी आहे.

कोजागिरीला बोळाच्या तोंडावरच्या वहिनी आमच्याकडे दूध प्यायला आल्या. त्यांचं घर कोपऱ्यावर, मोठ्या रस्त्याला लागून. वय ऐंशीच्या पुढे, यजमान जाऊन दहा वर्षं झाली, एक मुलगा पुण्याला, एक कॅनडात. एकट्याच राहतात. बोलता बोलता बायकोचा हात धरून रडायलाच लागल्या. म्हणाल्या, मुलं माझ्या डोळ्यांदेखत घर विकतायत आणि मला सांगत नाहीत. रोज कोणीतरी बेल मारतं. एकाने विचारलं किती खोल्या आहेत. एक जण आत न विचारता ओट्यावर चढून खिडकीतून बघत होता. एकाने फोटो काढले. कॅनडाच्या मुलाला विचारलं तर तो म्हणतो, आई, तुला काहीतरी भास होतायत.

यात वाईट गोष्ट अशी की मुलाने दोन वर्षांपूर्वी खरंच घर विकण्याचं काढलं होतं. म्हणून त्यांना संशय घ्यायला जागा होती. मुलाला वाटलं आईचं वय झालं. आईला वाटलं मुलगा खोटं बोलतो.

बायकोने त्याच रात्री आपल्या फोनवर शोधलं. जाहिरात सापडली. फोटो आमच्या घराचे. आमचा सागवानी जिना, आमचा चौक, आमची तुळस. आणि नकाशावर लाल पिन वहिनींच्या दारात.

मी पहिल्यांदा काय केलं असेल? पुतण्याची बाजू घेतली. म्हटलं, यंत्राची चूक असणार. आणि यंत्र चुकतं हे खोटं नाही. तुम्ही पत्ता टाइप करता, साइट तो नकाशात शोधते. "दांडिया बझार" सापडतो, "अमक्या वाड्यामागे, तमक्या बोळात" हे त्याला कुठून सापडणार? मग पुष्कळ वेळा पिन त्या भागाच्या किंवा पिनकोडच्या साधारण मध्यावर पडते. आपल्याकडचे पत्ते तरी कसे, तर "न्यायमंदिरासमोर". न्यायमंदिरातली कोर्टं तिथून हललीसुद्धा, पत्ता अजून न्यायमंदिरासमोरच.

पण मी पुतण्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, मी स्वतः उपग्रहाच्या चित्रावर आपलं छप्पर ओळखून पिन टाकली होती, पाण्याची काळी टाकीसुद्धा दिसत होती. मग हलवली कोणी? दलालाला बोलावलं. त्याने लपवलं नाही. हसत म्हणाला, "काका, बधा एमज करे छे." सगळेच असं करतात म्हणे. बोळातली पिन ठेवली तर कोणी जाहिरात उघडत नाही, मोठ्या रस्त्यावर ठेवली की फोन येतात. आले की समजावतो, थोडं आत आहे म्हणून. आणि जे फोन न करता सरळ नकाशा धरून येतात त्यांचं काय, हे त्याच्या डोक्यातच नव्हतं.

किती हलवली होती? सुमारे दीडशे मीटर, जवळजवळ सरळ दक्षिणेला. आकड्यात बघाल तर हसू येईल. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दशांश चिन्हानंतर चौथ्या आकड्यात एकचा फरक म्हणजे ११ मीटर. म्हणजे चौथ्या स्थानावर तेरा-चौदाचा फरक. लेजरमध्ये एवढी चूक असती तर मी चष्मा पुसूनही पकडली नसती. पण त्या तेरा-चौदामध्ये आमचं रिक्षापुरतं बोळ संपून गाडी दारात येणारा रस्ता सुरू होतो, आणि किंमत लाखांनी बदलते.

त्या दीड महिन्यात आणंदहून एक कुटुंब येऊन गेलं होतं, हे दलालानेच सांगितलं. बरोबर म्हातारे वडील, चालता न येणारे. नकाशात घर रस्त्यावर दिसलं म्हणून त्यांना गाडीत घालून आणलं. दलालाने बोळ दाखवल्यावर बोळाच्या तोंडावरूनच परत गेले. आमचं घर त्यांनी बघितलंच नाही. जाताना आम्हाला काय म्हणाले असतील ते मी कल्पनेनेच समजतो. दलाल मधला माणूस, पण जाहिरातीत मालक म्हणून आमचं आडनाव होतं.

माझं सगळं आयुष्य बँकेत गेलं. १९७२ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठातून बी.कॉम. झालो, पुढच्या वर्षी नोकरी लागली. (त्याच १९७२ च्या १५ ऑगस्टला आपल्या देशात पिनकोड सुरू झाला, आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी आणि संस्कृतचे कवी होते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. सहा आकड्यांत पत्र बरोबर टपाल कचेरीत पोचायचं, पुढचं घर पोस्टमनला माहीत असायचं.) कर्जखात्यात असताना मी शेकडो दस्तावेज वाचले. त्यात शेवटी परिशिष्ट असतं, आणि त्यात चतुःसीमा. पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस सार्वजनिक बोळ, उत्तरेस तमक्याची भिंत, दक्षिणेस रस्ता. नवीन पोरांना हे कंटाळवाणं वाटायचं. मी त्यांना सांगायचो, बाकी एक वेळ चाळ, पण चतुःसीमा जागेवर उभं राहून वाच. क्षेत्रफळाचा आकडा आणि चतुःसीमा जुळल्या नाहीत तर साधारणपणे चतुःसीमा खऱ्या धरतात.

१९०८ च्या नोंदणी कायद्यात एक कलम आहे, एकविसावं. मिळकतीचं वर्णन ती ओळखता येईल एवढं पुरेसं हवं. आणि शहरातल्या घराबद्दल म्हटलंय की ते कोणत्या रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे, तिथे आता कोण राहतं आणि आधी कोण राहत होतं, आणि घरांना नंबर असले तर नंबर, हे लिहा. आधी कोण राहत होतं! मला ही गोष्ट फार आवडते. आमच्या बोळात आजही घरं अशीच ओळखतात. पन्नास वर्षांपूर्वी गेलेल्या डॉक्टरांचं घर अजून डॉक्टरांचंच.

तर दस्तावेजात घराला चार बाजू असतात, आणि नकाशावर फक्त एक टिंब. चार बाजूंना चार शेजारी साक्षीदार असतात. टिंबाला साक्षीदार कोणी नाही. ते कोणीही बोटाने ढकलावं. म्हणून टिंब टाकताना दस्तावेज लिहितानाएवढी काळजी घ्यावी, असं माझं मत आहे, आणि लोक याला उलट शोभेची वस्तू समजतात.

बँका आता समजत नाहीत. माझ्या काळी एक नेहमीची फसवणूक होती. कागद एका प्लॉटचे, आणि पाहणीला नेऊन दाखवायचा दुसराच, शेजारचा चांगला. अधिकारी परगावचा असला की सहज फसायचा. आता व्हॅल्युएशनच्या रिपोर्टात अक्षांश-रेखांशाचा रकाना असतो, जागेवरचा फोटो असतो. २०१६ च्या रेरा कायद्याने तर बिल्डरला प्रकल्पाच्या जमिनीच्या टोकांचे अक्षांश-रेखांश द्यायला लावलेत. एक टिंब नाही, टोकं. म्हणजे कायद्याला चतुःसीमा आठवल्या. पण तुमचं-माझं जुनं घर पुन्हा विकायला निघालं की हा नियम त्याला लागत नाही. तिथे पिन म्हणजे दलालाची मर्जी.

आता माझी फजितीही सांगतो, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांच्याच चुका काढतो. मी पुतण्याकडून पासवर्ड मागितला आणि म्हटलं, मी बदलतो. मोबाइलमधल्या होकायंत्रात आकडे दिसत होते, २२ अंश १८ मिनिटं आणि काही सेकंद, ७३ अंश १२ मिनिटं. साइटच्या रकान्यात मी अभिमानाने लिहिलं २२.१८ आणि ७३.१२. जतन केलं. आमचं घर पंधरा किलोमीटर उडून पादऱ्याच्या बाजूला शेतात जाऊन बसलं. बायको म्हणाली, छान, आता वाळवीचाही प्रश्न नाही.

चूक साधी आहे. मिनिटं साठाची असतात, दशांश शंभराचा. १८ मिनिटं म्हणजे साठातले अठरा, म्हणजे .३०. आमच्या पिढीने आणे बघितलेत, आम्ही तरी चुकायला नको होतं. चार आणे म्हणजे पंचवीस पैसे, चार पैसे नव्हेत.

मग घाईत आकडे उलटे लिहिले, ७३ आधी आणि २२ नंतर. आता घर नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात. तेव्हापासून मी एक खूण धरली आहे, ती तुम्हीही धरा. आपल्या देशात अक्षांश नेहमी लहान आणि रेखांश मोठा. बडोदे २२ आणि ७३, इंदूर २२ आणि ७५, ग्वाल्हेर २६ आणि ७८, बेळगाव १५ आणि ७४, हैदराबाद १७ आणि ७८. नकाशाच्या रकान्यात लहान आकडा आधी. (संगणकवाल्यांच्या काही फायलींत रेखांश आधी असतो, पुतण्या सांगतो. ते त्यांचं त्यांनी बघावं.)

शेवटी सकाळी खाली उतरून स्वतःच्या दारात उभा राहिलो. तिथेही गंमत. मोकळ्या आकाशाखाली फोन साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर जागा दाखवतो, पण आमच्या बोळात आकाशच हातभर. दोन्हीकडच्या भिंतींवर आपटून सिग्नल येतात, आणि निळा ठिपका कधी मागच्या बोळात, कधी शेजारच्या चौकात. मग गच्चीवर गेलो, तिथे ठिपका स्थिर झाला. उपग्रहाच्या चित्रावर आमची काळी टाकी शोधली, तिथून दरवाजाकडे बोट आणलं, दाबून धरलं. वर आकडे आले. ते कागदावर लिहून घेतले, पाच स्थानांपर्यंत. पाचवं स्थान म्हणजे एक मीटर. त्यापुढचे आकडे घरासाठी निरर्थक, दाराचं कुलूप शोधायचं असेल तर गोष्ट वेगळी.

एवढं करून जतन केलं, आणि मग पत्त्यात एक अक्षर चुकलं होतं ते सुधारलं. सुधारल्याबरोबर पिन परत उडाली! पत्ता बदलला की आमच्या साइटने पिन आपणहून पुन्हा शोधली. म्हणून आधी पत्ता नीट करा, पिन शेवटी बसवा, आणि दुसऱ्याच्या फोनवरून जाहिरात उघडून खात्री करा.

आता माझ्या मताकडे येतो. मला सगळ्यात खटकतं ते हे, की पिन हलवल्याची कुठे खूणच राहत नाही. बँकेत एक नोंद करतो, दुसरा तपासतो. खाडाखोड झाली तर त्यावर सही. खोडून पुन्हा लिहिलेला आकडा बिनसहीचा असला की ऑडिटर लाल पेन काढायचा. इथे लाखो रुपयांच्या घराचं ठिकाण दलाल रात्री झोपताना बदलतो, आणि मालकाला साधा संदेशही येत नाही. निदान एवढं तरी हवं की पिन कोणत्या तारखेला, कोणाच्या नावाने हलली हे जाहिरातीखाली दिसावं, आणि मालकाने हो म्हटल्याशिवाय ती हलू नये. हे तंत्रज्ञानाला अवघड नाही. फोन चार्जिंगला लावला तरी आवाज येतो.

पुतण्या म्हणतो, काका, तुमचं बरोबर, पण मग अगदी दाराची पिन सगळ्या जगाला दाखवायची का? तुम्ही दोघं म्हातारे वर एकटे राहता. खालचा मजला बंद आहे हे फोटोतच दिसतं. हा प्रश्न त्याने काढला ते बरं केलं, मी त्यावर आठ दिवस विचार केला. त्याचं म्हणणं मला पटलं. ज्या घरात माणसं राहतात, विशेषतः म्हातारी माणसं, त्याच्या दारावर बोट ठेवून जगाला दाखवू नये. काही साइटवर पिनऐवजी गोल दाखवायची सोय असते. अमुक मीटरच्या आत कुठेतरी, आणि नक्की जागा फोनवर बोलल्यावर. तसं करावं. पण गोलाचा मध्य प्रामाणिक हवा. मध्य मोठ्या रस्त्यावर ठेवून "अंदाजे" म्हणणं ही तीच जुनी लबाडी. आणि बोळ आहे, गाडी आत येत नाही, हे पहिल्या ओळीत लिहावं. आम्ही लिहिलं. दलालाने आमचं काम सोडलं.

भाऊ पुण्याहून रागावला. म्हणाला, दादा, तुझ्या तत्त्वापायी घर पडून राहील, वाळवी तत्त्व बघत नाही. त्याचंही खोटं नाही. फोन खरंच कमी झाले. ज्या किमतीला आम्ही बसलो होतो ती आता कोणी बोलत नाही. माझा हिस्सा एकतृतीयांश, आणि बाकी दोघांचं नुकसान मी का करावं, हा प्रश्न मी टाळू शकत नाही. मी त्याला एवढंच विचारलं, की समज आपल्या आईच्या दारात दुसऱ्या कोणी अशी पिन ठेवली असती तर? तो गप्प बसला, पण पटलं असं म्हणाला नाही.

टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणलाय, दहा अक्षरांचा. देशाचे सुमारे चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला एक कोड. आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचं दूरसंवेदन केंद्र यांनी त्यात काम केलंय. मी आमचा काढून बघितला, घराच्या कागदांच्या फायलीत चतुःसीमेच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवला. तुम्हीही ठेवा. ज्यांची मुलं परदेशी आहेत आणि इथलं घर कधीतरी विकतील, त्यांनी तर नक्कीच. आज आपण दारात उभे राहून सांगू शकतो की हे आपलं, ते शेजाऱ्यांचं. मुलं उद्या अमेरिकेत बसून उपग्रहाच्या चित्रावर बघतील तेव्हा त्यांना सगळी छपरं सारखीच दिसतील. आणि शेजाऱ्यांच्या घराची जाहिरात चुकून तुमच्या दारात आहे का, तेही एकदा बघून घ्या.

वहिनींकडे मी आणि बायको दुसऱ्याच दिवशी गेलो होतो. फोन उघडून दाखवला. हे आमच्या घराचे फोटो, ही पिन तुमच्या दारात, चूक आमच्याकडून झाली. त्यांना नकाशा कळला नाही, फोटोतली आमची तुळस मात्र लगेच ओळखली. मग त्यांच्यासमोरच कॅनडाला फोन लावला आणि मुलाला मी सांगितलं, की तुझ्या आईला भास होत नव्हते. पलीकडे बराच वेळ आवाज आला नाही.

आता पिन आमच्या बाजूला आहे, गोलासकट. महिन्यात दोन गिऱ्हाइकं आली, दोन्ही बोळ बघूनच आली. एकाची बोलणी चालू आहेत. वहिनींनी त्या दिवसांत बेलच्या बटनावर चिकटपट्टी लावली होती. ती अजून काढलेली नाही. आम्ही गेलो की कडी वाजवतो.